बटण दाबून थांबा

सखाराम ओव्हाळ नव्या माणसाला भेटले की आधी "जयभीम" म्हणत आणि मग जोडलेले हात उघडून दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर पसरीत. "मोजून घ्या. दहाच्या दहा हायेत." पिंपरीच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघे नोकरीला होतो, तिथल्या प्रेस शॉपमध्ये लोखंडी पत्र्याला एका दणक्यात आकार देणारी धिप्पाड यंत्रे होती आणि बहुतेक जुन्या कामगारांच्या हाताला एखादे पेर तरी कमी असे. ओव्हाळांची बोटे शाबूत होती, आणि याचा त्यांना इतका गर्व होता की मी आस्थापना विभागात रुजू झालो त्या दिवशी त्यांनी ती माझ्याकडूनही मोजून घेतली. "नीट मोजा, वकीलराव. मागनं तक्रार नको." मी वकील नव्हतो. कायद्याची पुस्तके वाचणारा आणि अर्ज-पत्रे लिहिणारा कारकून होतो. पण त्यांनी दिलेले नाव मला निवृत्तीपर्यंत चिकटून राहिले.

अशा माणसाच्या नावापुढे सरकारी कागदावर 'हयगय' हा शब्द लिहिला गेला. मी हे लिहीत आहे ते त्या शब्दाविरुद्ध. इतकी वर्षे लोटली, ज्यांनी तो लिहिला ते निवृत्त झाले, काही वारलेही असतील. माझा राग निवृत्त झालेला नाही.

प्रेसची रीत आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले. प्रत्येक कामगारापुढे एकमेकांपासून लांब अशी दोन बटणे असत. दोन्ही हातांनी ती दाबून धरली तरच दाब खाली येई. एक बोट उचलले की यंत्र जागच्या जागी थांबे. हेतू उघड आहे: हात बटणांवर गुंतलेले असले म्हणजे ते पत्र्याखाली जात नाहीत. मोठ्या प्रेसवर दोन कामगार समोरासमोर उभे राहत. मधल्या धुडामुळे एकाला दुसरा दिसत नसे, म्हणून इकडचा ओरडे, "धरलंय का?" आणि पलीकडून "धरलंय!" असे उत्तर आल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. उत्तर द्यायला कोणी रेंगाळला किंवा न धरताच "धरलंय" म्हणाला, तर ओव्हाळ यंत्र बंद करून त्याच्या अंगावर धावून जात. "हयगय नको! बायकू घरी ताट वाढून बसलीय. तिच्या हाती काय दिऊ, तुजं बोट पुडीत बांधून?" हे 'हयगय नको' त्यांच्या तोंडी इतके बसले होते की उपाहारगृहात कोणी चहा सांडला तरी तेच ऐकू येई.

ते नम्र नव्हते. भांडखोर होते, स्वतःच्या मताचे होते आणि चूक दाखवली तर आवाज चढवीत. चाकणच्या बाजूच्या एका खेड्यातून कारखाने उभे राहत होते त्या काळात आले, आणि बोली तिथलीच घेऊन आले. पण त्यांच्या भांडणात स्वतःसाठी काही मागितलेले मला आठवत नाही, आणि मला इतरांची भांडणे आठवतात, हे मला ओळखणारे जाणतात.

आमची वसाहत संत तुकाराम नगरात, कारखाना समोर, आणि मध्ये मुंबई-पुणे रस्ता. शिफ्ट सुटण्याच्या वेळी माणसांचा लोंढा एका बाजूला आणि भरलेल्या ट्रकांची रांग दुसऱ्या बाजूला, अशी रोजची झुंज चाले. माणसे मेल्यावर रस्त्याच्या कचेरीला जाग आली आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पादचाऱ्यांसाठी सिग्नल बसला. दोन्ही कडांना खांब, खांबाला बटण, बटणाशेजारी चिमुकला दिवा, रस्त्यावर पांढरे पट्टे, आणि वर लाल माणूस व हिरवा माणूस.

या सिग्नलचे काम कसे चालते, हे मी नियम मिळवून वाचले होते. बटण ही केवळ विनंती असते. ते एकदा दाबले की खांबाजवळच्या पेटीत तिची नोंद होते आणि चिमुकला दिवा लागून 'ऐकले' असे सांगतो. मग पेटी वाहनांना त्यांचा ठरलेला वेळ पुरा करू देते, त्यांना पिवळा दाखवते, लाल दाखवते, क्षणभर कोणालाच सोडत नाही, आणि त्यानंतर हिरवा माणूस लागतो. तो उघडमीट करू लागला म्हणजे नव्याने कोणी पाऊल टाकायचे नाही. जो रस्त्यात आहे त्याने पलीकडे पोचायचे. बटण एकदा टेकवा किंवा दिवसभर दाबून ठेवा, हिरव्याचा वेळ तितकाच. हे मराठीत चार ओळींत लिहून खांबाला लावता आले असते. लावले काय, तर इंग्रजी पाटी! जिथून जाणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांना ती भाषा येत नव्हती, तिथे.

मी पत्र लिहिले. उत्तर नाही. स्मरणपत्र लिहिले, मग वरच्या अधिकाऱ्याला, मग त्याच्याही वरच्या. अखेर एका सकाळी मराठी पाटी लागली. तिच्यावर लिहिले होते: 'बटण दाबून थांबा.'

वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. 'हात धुऊन बसा' म्हटले तर धुणे संपते आणि मग माणूस बसतो. 'डोळे मिटून बसा' म्हटले तर बसल्यावरही डोळे मिटलेलेच राहतात. मग 'दाबून थांबा' म्हणजे दाबायचे आणि सोडायचे, की दाबून धरून उभे राहायचे? कचेरीत बसून भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही. प्रेस शॉपमधल्या माणसांनाही पडला नाही, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक होते. बटण सोडले की यंत्र थांबते. त्यांच्या आयुष्यातले प्रत्येक बटण तसेच होते.

त्याच दिवशी ओव्हाळांनी त्या खांबाचा ताबा घेतला. उजवा अंगठा बटणावर रोवून ते उभे राहिले आणि हिरवा माणूस लागताच ओरडले, "चला! मी धरलंय! पळू नका, चाला!" सगळे पार झाले, हे स्वतः अलीकडेच राहिले. मी थांबलो होतो. म्हणालो, "ओव्हाळ, एकदा दाबलं की पुरे. सोडा आता."

"सोडू? आन् लाल झालं मंजी?"

"धरलंत तरी व्हायचा तेव्हाच होणार. पेटीत वेळ ठरलेला असतो."

"वकीलराव, तुमी कवा प्रेसवर काम केलंया?"

"नाही."

"मग पाटी तरी वाचा. लिव्हलंय काय? दाबून थांबा. दाबून! येवढा कायदा वाचता, आन् पाटी वाचायला चष्मा इसरला व्हय?"

रांगेतले सगळे हसले. मी रागाने घरी गेलो आणि कचेरीला लिहिले की आपल्या पाटीचा अर्थ लोक भलताच घेत आहेत, तरी 'बटण दाबा आणि सोडा. हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबा' अशी दुरुस्ती करावी. या वेळी उत्तर आले: 'सूचनेचा आशय सर्वसामान्य नागरिकास सहज कळण्याजोगा आहे.' ते वाक्य मला आजही पाठ आहे. सर्वसामान्य नागरिक कोण, हे ठरवायला त्यांच्यापैकी कोणी खुर्चीवरून उठून त्या खांबापर्यंत आले नव्हते.

ओव्हाळ स्वतः कसे पार होत? प्रेसच्या रीतीने. त्यांच्या पत्नी शेवंताबाई कारखान्याच्या उपाहारगृहात पोळ्या लाटायच्या कामाला होत्या, आणि सकाळी दोघे बरोबर निघत. शेवंताबाई गर्दीबरोबर पुढे जात, पलीकडच्या खांबाचे बटण दाबून धरीत. ओव्हाळ इकडून हाक देत, "धरलंय का?" त्या पदर खोचून तिकडून ओरडत, "धरलंय! या!" मग ते अंगठा उचलून रुबाबात चालू लागत. हळूहळू सगळ्या वसाहतीने ही रीत उचलली. मी एकदा शेवंताबाईंना समजावू पाहिले. त्या म्हणाल्या, "तुमचं खरं आसंल, भावजी. पन त्येंनी इचारल्यावर धरलं न्हाई म्हनू का?"

हे हास्यास्पद आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओव्हाळ बटण धरून उभे असत तोवर लाल माणूस असताना कोणाची रस्त्यात उतरायची छाती नव्हती. कारखान्याचे एक बडे अधिकारी, गाडी बिघडली म्हणून त्या दिवशी पायी निघालेले, घाईने पुढे झाले, तर ओव्हाळांनी त्यांची कातडी बॅग मागून खेचली. अधिकारी उसळले, "तुला माहीत आहे का मी कोण आहे?"

"म्हाईत हाय की. पन सायेब, पगार येगळा आसला तरी बरगड्या सारक्याच आसत्यात. हयगय नको. ऱ्हावा हुबं."

साहेब उभे राहिले. पुढे एकदा ते मला म्हणाले, "तुमचा तो बटणवाला आज दिसला नाही." नाव विचारले नाही.

काही महिन्यांनी बटणाशेजारचा चिमुकला दिवा लागेनासा झाला. बल्ब गेला असेल, असे सगळ्यांनी धरले. मीही तसे पत्र टाकले. त्याला उत्तर नाही. हिरवा माणूस उशिरा लागू लागला, आणि लागला की लगेच उघडमीट करू लागला. शेवंताबाई म्हणाल्या, "ह्यो मानूस आता लई घाईत आसतो बया." ओव्हाळ म्हणाले, "चोक गेला आसंल. आपल्या शॉपातल्या ट्यूबा बी आशाच करत्यात." आणि त्यांनी अंगठा अधिकच जोराने रोवला.

त्या सकाळी मी कारखान्याच्या फाटकात होतो. गर्दी पार झाली. ओव्हाळांची हाक ऐकली, "धरलंय का?" शेवंताबाईंचे उत्तर ऐकले, "धरलंय! या!" वसाहतीच्या अंगाला एक बस थांबलेली होती. हिरवा माणूस उघडमीट करीत असतानाच ओव्हाळ निघाले आणि बसच्या पुढून चालत आले. बसच्या आडून एक ट्रक निघाला. त्याच्यासमोर हिरवा दिवा लागलेला होता आणि त्याला बसच्या पुढचे काही दिसत नव्हते. मी ट्रकवाल्याला दोष दिला नाही, साक्षीतही दिला नाही. त्याला सिग्नलने जा म्हटले होते. ओव्हाळांना शेवंताबाईंनी या म्हटले होते. ओव्हाळ जागीच गेले.

पंचनामा झाला. त्यात लिहिले होते: 'सदर इसम हयगयीने रस्ता ओलांडत असता…' मी तो कागद दोनदा वाचला. ज्या माणसाने उभ्या हयातीत तो शब्द दुसऱ्यांना बजावण्यापलीकडे वापरला नाही, त्याला 'सदर इसम' म्हणून तोच शब्द चिकटवला! कायद्यात हयगय म्हणजे काय? घ्यायला हवी ती काळजी न घेणे. त्या सबंध रस्त्यावर, कचेरीपासून ट्रकपर्यंत, ती काळजी घेणारा एकच माणूस होता आणि तो पांढऱ्या कापडाखाली पडला होता.

मी तणतणत शेवंताबाईंकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, हा शब्द मी काढून टाकीन. दावा लावू. हयगय त्यांची नव्हती."

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "न्हवतीच त्यांची. माजी व्हती."

मला समजेना. त्यांनी उजवा हात पुढे केला. "हाताला पीठ व्हतं, भावजी. सकाळी घरच्या भाकरी करून तशीच निगाले. आंगठा सटाकला आसंल. मी धरलंय म्हनले, आन् सटाकला. मला कळलं न्हाई."

"वहिनी, बटण धरण्यानं काहीच होत नाही. मी किती वेळा सांगितलं."

"तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगताय."

माझ्याजवळ नियम होते, कलमे होती, छापील पुस्तक होते. ते सगळे मी त्या बाईपुढे मांडले, आणि त्यांनी ते मायेची थाप समजून बाजूला सारले. त्यानंतर त्यांनी उपाहारगृहाचे काम सोडले, आणि रस्ता ओलांडणेही. माझ्या लेखी तेव्हापासून दाव्याचे कारण बदलले. पंचनाम्यातला शब्द मला हवाच होता. पण त्या बाईच्या डोक्यातला शब्द आधी निघायला हवा होता, आणि तो माझ्या तोंडून निघणार नव्हता. कचेरीच्याच माणसाने शपथेवर सांगायला हवे होते की धरलेल्या बटणाने काही होत नसते.

अपघातांचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे प्रकरण उभे राहिले. तारखा पडत गेल्या; कचेरीचा साक्षीदार कधी आजारी, कधी रजेवर. मी दर वेळी लेखी हरकत नोंदवली. अखेर सिग्नल सांभाळणारे अभियंते पिंजऱ्यात उभे राहिले. प्रश्न मी काढून दिले होते. विचारले आमच्या वकिलांनी. शेवंताबाई मागच्या बाकावर होत्या.

"बटण दाबून धरल्याने हिरव्या माणसाचा वेळ वाढतो का?"

"नाही."

"सोडल्याने कमी होतो?"

"नाही. आणि या ठिकाणी तर प्रश्नच येत नाही."

"का येत नाही?"

अभियंत्यांनी न्यायाधीशांकडे पाहिले. "बटणाची तार काढून ठेवलेली होती."

हे मला ठाऊक नव्हते. मी एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आलो होतो आणि दुसरेच उत्तर मिळाले.

"केव्हापासून?"

"अपघाताच्या आधी काही महिने. लोक वारंवार दाबत असल्याने वाहतुकीचा खोळंबा होत होता. म्हणून सिग्नल आपोआप चालेल असा केला आणि पादचाऱ्यांचा वेळ थोडा आखडला."

"खोळंब्याची तक्रार कोणाची होती?"

"गाड्यांतून जाणाऱ्यांची."

"तार काढल्याचे पायी जाणाऱ्यांना कळवले?"

"तशी तरतूद नाही."

"मग 'बटण दाबून थांबा' ही पाटी तरी काढायची."

"पाटी दुसऱ्या शाखेकडे येते."

मी उठून उभा राहिलो. न्यायाधीशांनी मला बसायला सांगितले. मी बसलो, कारण मी कायदा मानतो. पण आयुष्यात इतक्या कष्टाने मी कधी बसलो नाही. बल्ब गेल्याचे माझे पत्र त्यांच्याच दप्तरात पडलेले होते. 'बल्ब नाही, तार काढली आहे' एवढे उत्तर त्यांनी टाकले असते, तर मी ते खांबाला चिकटवले असते. मेलेले बटण आणि जिवंत पाटी एकाच खांबावर ठेवून हे लोक घरी गेले, आणि माणूस मेल्यावर हयगय शोधायला रस्त्यावर आले!

बाहेरच्या ओसरीत शेवंताबाई आपला अंगठा निरखीत उभ्या होत्या.

"म्हंजी सटाकला न्हवता?"

"नाही, वहिनी. सटकला असता तरी फरक पडला नसता."

त्यांनी अंगठा मुठीत मिटला. मग माझ्याकडे वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा मला माझ्यासारखा राग दिसला. "फरक पडला नसता? मग त्ये रोज हितं हुबं ऱ्हायचे, त्येचा बी न्हाई? समद्यांना फुडं घालून मागं ऱ्हायचे, त्ये बी फुकाटच?"

 

निकालात न्यायाधीशांनी लिहिले की मयताची हयगय दिसून येत नाही. कचेरीवर ताशेरे ओढले. पंचनामा मात्र जिथल्या तिथे आहे. झालेला पंचनामा खोडता येत नाही, त्याच्या उलट निष्कर्ष तेवढा काढता येतो. 'सदर इसम हयगयीने' हे शब्द कुठल्या तरी कपाटात अजून पडून असतील. त्या कपाटाला हे माझे उत्तर आहे.

कचेरीने तार जोडली, हिरव्याचा वेळ वाढवला आणि पाटी बदलली. नवी पाटी मी सुचवली होती शब्दशः तशीच होती. खाली माझे नाव नव्हते आणि क्षमेचा शब्दही नव्हता. शेवंताबाई कामावर परत जायला तयार झाल्या, तेव्हा पहिल्या सकाळी मी त्यांच्याबरोबर निघालो. खांबाशी त्यांनी बटण दाबले. चिमुकला दिवा लागला. त्यांनी विस्तवावरून उचलावा तसा हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला. गाड्यांना पिवळा झाला, लाल झाला, हिरवा माणूस लागला. गर्दी निघाली, मीही निघालो, आणि पलीकडे पोचल्यावर पाहतो तर त्या अलीकडेच उभ्या. हिरवा माणूस उघडमीट करून गेला. ट्रक सुटले.

पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. त्यांनी कडेपर्यंत पाय आणला आणि थांबल्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. हात पदरात होते. रस्त्याच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून त्यांनी मान उंच केली आणि सगळा जीव लावून विचारले,

"धरलंय का?"

मी पाटी वाचली. तिच्यावर 'दाबा आणि सोडा' असे स्वच्छ लिहिले होते, माझ्याच शब्दांत. मी बटणावर अंगठा रोवला.

"धरलंय!" मी ओरडलो. "या, वहिनी!"

मग त्या निघाल्या.